कृषी पदवीतला पहिला शेतप्रयोग: आखणीपासून निकालापर्यंत

कृषी विज्ञान शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी शेतप्रयोग येतो. खताच्या वेगवेगळ्या मात्रा, चार-सहा वाण किंवा पेरणीच्या तीन तारखा, असा काहीतरी विषय असतो. ऐकायला तो सोपा वाटतो. खरी अडचण जमिनीत असते. एकाच तुकड्यात दहा पावलांवर मातीची खोली बदलते, ओल बदलते, मागच्या पिकाला घातलेल्या खताचा उरलेला अंश बदलतो. मग एखाद्या वाफ्यात पीक जोमदार आलं तर ते तुमच्या खतामुळे आलं की जागेच्या गुणामुळे? ही दोन कारणं वेगळी करता येणं हीच शेतप्रयोगाची सगळी विद्या आहे, आणि तिचा मोठा भाग बी मातीत पडण्याआधीच उरकायचा असतो.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

‘नत्राचा पिकावरील परिणाम अभ्यासणे’ हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. ‘हेक्टरी ०, ५०, १००, १५० आणि २०० किलो नत्र दिलं, तर कोणत्या मात्रेपुढे धान्याचं उत्पादन वाढायचं थांबतं?’ हा प्रश्न झाला. त्यात काय बदलायचं, किती बदलायचं आणि शेवटी काय मोजायचं हे तिन्ही आलं. शून्य मात्रेचा प्लॉट टाळू नका. जमीन स्वतःच्या बळावर किती देते हे त्याच्याशिवाय कळत नाही. बाकी सगळं, म्हणजे स्फुरद, पालाश, वाण, पाणी आणि निंदणी, पाचही ट्रीटमेंटमध्ये (म्हणजे तपासायच्या पाचही मात्रांमध्ये) तंतोतंत सारखं ठेवायचं.

२. जमीन समजून घ्या

नांगरणीच्या आधीच प्रक्षेत्रावर जा आणि तिथे काम करणाऱ्यांशी बोला. मागच्या हंगामात काय होतं, शेणखताचा ढीग कुठे होता, पाणी कोणत्या कोपऱ्यात तुंबतं हे त्यांना नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. झाडाची सावली, जुना रस्ता, बुजवलेली चारी असे भाग प्रयोगातून वगळा.

मग मातीचा नमुना. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूवरून १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची सारख्या जाडीची माती काढा. ती एकत्र मिसळून ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हे करा आणि माती सावलीत वाळवा. बांधाजवळून किंवा नुकतंच खत घातलेल्या जागेतून नमुना घेतला, तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही अचूक असला तरी तो तुमच्या शेताचा नसतो.

३. आराखडा: इथे घाई नको

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात १८४३ मध्ये जॉन लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी गव्हाच्या खतांचा प्रयोग सुरू केला. तो अजूनही चालू आहे. पण त्याच्या लांबलचक पट्ट्यांमधला फरक खताचा किती आणि जागेचा किती, हे काटेकोरपणे सांगणारी रीत तेव्हा नव्हती. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर तिथे संख्याशास्त्राच्या कामासाठी रुजू झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी तीन गोष्टींवर शेतप्रयोगाचा पाया घातला: पुनरावृत्ती (प्रत्येक ट्रीटमेंट अनेक प्लॉटमध्ये घेणं), यादृच्छिक वाटप (कोणती ट्रीटमेंट कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवणं) आणि सारख्या जागेचे गट पाडणं. आज आपण ज्याला आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) म्हणतो ती रचना या तिन्हींवरच उभी आहे.

पुनरावृत्ती किती घ्यायच्या? एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम (ट्रीटमेंटशी संबंध नसलेला, योगायोगाने पडणारा फरक म्हणजे एरर, आणि तो अजमावायला मिळणाऱ्या स्वतंत्र तुलनांची ही संख्या) किमान १२ असाव्यात असा साधारण दंडक आहे. आरबीडीत ट्रीटमेंटमधून एक आणि पुनरावृत्तींमधून एक वजा करून गुणाकार करायचा. आपल्या पाच ट्रीटमेंट आणि चार पुनरावृत्ती असतील तर ४ गुणिले ३, म्हणजे बरोबर १२. एकूण प्लॉट २०. तीनच पुनरावृत्ती घेतल्या तर ८ उरतात. मग खरा फरकही सिद्ध करणं अवघड जातं. जागा कमी पडत असेल तर एखादी मात्रा कमी करा, पण पुनरावृत्ती कापू नका.

गट पाडताना उतार पाहा. सुपीकता उताराच्या दिशेने बदलत असेल तर गट उताराला आडवे घ्या, म्हणजे एका गटातले पाचही प्लॉट जवळजवळ सारख्या जमिनीवर येतील. गटागटांत फरक असला तरी चालतो, तो विश्लेषणात बाजूला काढता येतो. गटाच्या आतला फरक मात्र एररमध्येच जाऊन बसतो.

प्रत्येक गटासाठी चिठ्ठ्या नव्याने टाका. ‘मनाने’ केलेलं वाटप यादृच्छिक नसतं. चांगला दिसणारा कोपरा आवडत्या ट्रीटमेंटकडे नकळत जातोच.

४. प्लॉटचं गणित

समजा ओळींमध्ये ४५ सेंटिमीटर आणि रोपांमध्ये १० सेंटिमीटर अंतर आहे. आठ ओळी आणि ४ मीटर लांबी घेतली तर ग्रॉस प्लॉट, म्हणजे पेरलेला पूर्ण प्लॉट, ४ गुणिले ३.६, म्हणजे १४.४ चौरस मीटरचा होतो. कडेच्या रोपांना उजेड आणि जागा जास्त मिळते. त्यामुळे दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि ओळीच्या दोन्ही टोकांची दोन-दोन रोपं मोजणीतून वगळायची. उरतो तो नेट प्लॉट: ३.६ गुणिले २.७, म्हणजे ९.७२ चौरस मीटर.

आता खत. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून हेक्टरी १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७.४ किलो युरिया लागतो. आपल्या प्लॉटला ३१३ ग्रॅम. प्रत्येक प्लॉटचं आणि प्रत्येक हप्त्याचं खत आदल्या दिवशी तोलून, पिशवीवर प्लॉट क्रमांक लिहून ठेवा. शेतात उभं राहून ओंजळीने अंदाज घेऊ नका. नत्र पाण्याबरोबर शेजारी सरकतं, म्हणून प्लॉटभोवती बांध आणि मध्ये मोकळी पट्टी हवी. पाणी एका प्लॉटमधून दुसऱ्यात न सोडता थेट चारीतून प्रत्येकाला द्या.

५. पेरणी आणि हंगाम

बियाण्याची उगवण आधी तपासा. प्रमाणित चाचणीत शंभर-शंभर बियांचे चार संच, म्हणजे ४०० बिया घेतात. पेरणी, निंदणी, फवारणी यांतलं कोणतंही काम एका पूर्ण गटात एकाच दिवशी, शक्यतो एकाच माणसाकडून करून घ्या. अंधार पडला, पाऊस आला, तर गट संपवून थांबा. अर्ध्या गटात काम सोडलं की त्या दिवसाचा फरक ट्रीटमेंटच्या फरकात मिसळतो.

निरीक्षणांसाठी नेट प्लॉटमधली पाच रोपं यादृच्छिकपणे निवडून त्यांना टॅग लावा आणि शेवटपर्यंत तीच मोजा. उंच, देखणी रोपं निवडायचा मोह आवरा. ही पाच रोपं म्हणजे पाच पुनरावृत्ती नव्हेत हेही लक्षात ठेवा. त्यांच्या सरासरीचा एकच आकडा त्या प्लॉटचा. नोंदवही शेतातच पेन्सिलीने भरा, कारण शाई ओलीने पसरते. रोज संध्याकाळी पानाचा फोटो घ्या. कीड पडली, जनावर शिरलं, तर प्लॉट क्रमांक आणि तारखेसह तसंच लिहा.

६. कापणी

आधी कडेच्या ओळी कापून बाहेर काढा, मगच नेट प्लॉटला हात लावा. इथे वजनाचा काटा नीट तपासा. ९.७२ चौरस मीटरचं वजन हेक्टरवर नेताना सुमारे १०२९ ने गुणावं लागतं, त्यामुळे १०० ग्रॅमची चूक हेक्टरी १०३ किलोंची होते. धान्यातली ओलही सारखी करून घ्या. १८ टक्के ओलाव्याचं १००० ग्रॅम धान्य १२ टक्क्यांवर आणलं की ९३२ ग्रॅमच भरतं.

७. विश्लेषण आणि अहवाल

आधी एफ चाचणी पाहा; ट्रीटमेंटमधला फरक योगायोगाच्या फरकापेक्षा पुरेसा मोठा, म्हणजे सार्थ, आहे का हे ती सांगते. ती सार्थ ठरली तरच क्रिटिकल डिफरन्स (दोन सरासऱ्यांमधला फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) काढून सरासऱ्यांची तुलना करा. नत्रासारख्या चढत्या मात्रा असतील तर सरासऱ्यांच्या जोड्या लावून तुलना करण्यापेक्षा प्रतिसादाचा वक्र (मात्रेनुसार उत्पादन कसं बदलतं ते दाखवणारी रेषा) बसवणं जास्त योग्य. आपला मूळ प्रश्नच ‘वाढ कुठे थांबते’ असा होता, आणि ते वक्रच दाखवतो. फरक सार्थ आला नाही तर तसंच लिहा. तोही निकाल आहे. तो बरा दिसावा म्हणून एखादा ‘विचित्र’ प्लॉट गाळणं मात्र प्रयोगाशी बेइमानी आहे. नोंदवहीत त्या प्लॉटचं नुकसान त्याच दिवशी लिहिलेलं असेल तरच त्याला वगळण्याचा विचार गाइडसोबत बसून करा.

एका हंगामाच्या आकड्यांवरून शेतकऱ्यांसाठी शिफारस लिहू नका. पाऊस बदलला की नत्राचा प्रतिसादही बदलतो. अहवालाच्या परिशिष्टात प्लॉटनिहाय मूळ आकडे, हंगामातलं हवामान आणि शेताचा आराखडा जोडा. आराखड्यात एखाद्या पक्क्या खुणेपासूनची अंतरं लिहा. पुढच्या हंगामात त्याच जमिनीवर दुसऱ्या कुणाचा प्रयोग येईल, तेव्हा २०० किलो नत्र नेमकं कुठे पडलं होतं हे त्या विद्यार्थ्याला जागा निवडण्याआधी कळायला हवं.