ड्रोनचा जीबी-जीबीचा नकाशा मोबाईलवर उघडेल असा कसा करायचा

कोल्हापुरात ड्रोन सर्व्हे आता काय नवीन राहिलं नाही, कारखान्याच्या हद्दीतला ऊस बघायचा असो नाहीतर चिखली-आंबेवाडीकडं पाणी कुठवर चढतं ते, उड्डाण होतं, फोटो जोडून होतात आणि मग सगळं अडतं ते फाईल समोरच्यापर्यंत पोचवण्यात. पेनड्राईव्ह घेऊन गाडी मारायची, त्याच्या कॉम्प्युटरवर ती उघडत नाही, मग तो म्हणतो व्हॉट्सॲपवर टाका की. फोटो म्हणून टाकलं की लोकेशन गेलं, डिटेल गेलं, राहिलं नुसतं चित्र.

आधी हिशोब बघा म्हणजे दुखणं कुठं आहे ते कळंल. ५ सेंमी पिक्सेलनं १ चौरस किलोमीटर म्हणजे २०,००० बाय २०,०००, म्हणजे ४० कोटी पिक्सेल. लाल-हिरवा-निळा असे तीन बँड (रंगाचे थर) धरले, दर पिक्सेलला प्रत्येकी एक बाइट, तर न दाबता १.२ जीबी, आणि वेबओडीएमसारखं फोटो जोडणारं सॉफ्टवेअर कडेच्या रिकाम्या भागासाठी चौथा अल्फा बँड (कुठं पारदर्शक ते सांगणारा) लावतं तो धरून १.६ जीबी. असं तीन चौरस किलोमीटर झालं की साध्या टिफची ४ जीबीची मर्यादा संपली. हेच १० सेंमी पिक्सेलनं केलं तर सगळं चौथाईवर येतं, त्यामुळं कॉम्प्रेशनच्या नादाला लागायच्या आधी क्लायंटला खरंच ५ सेंमी लागतंय का ते विचारा. बांध आणि पायवाट दिसायला १० सेंमी भरपूर झालं.

दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: फाईल डोळ्यांनी बघायला आहे का आकडे काढायला? बघायचा फोटो असेल तर बिनधास्त जेपेग कॉम्प्रेशन, क्वालिटी ७५ ते ८५, साईज साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. मात्र उभा ऊस असला की तेवढी दाबली जात नाही कारण पात्यांचा बारीक गुंता असतो, उलट पुराचं सपाट गढूळ पाणी असेल तर फाईल एकदम बारीक होते. पण उंचीचं रास्टर (दर पिक्सेलला रंगाऐवजी उंचीचा आकडा) असेल, म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे आणि त्याला पाणी कुठल्या गल्लीत येईल असला काही अभ्यास चाललाय, तर जेपेगचं नाव काढायचं नाही, ते दशांश त्यात मावतच नाहीत. तिथं डिफ्लेट किंवा झेडएसटीडी ही काही न गमावता दाबायची पद्धत, सोबत प्रेडिक्टर ३ (दशांश आकडे नीट दाबायचं सेटिंग), एकही आकडा हलत नाही. अजून बारीक फाईल पाहिजे असेल तर लर्क ही पद्धत आहे, त्यात किती सेंटीमीटरची चूक चालेल ते आपणच सांगायचं.

फॉरमॅटचं म्हणाल तर जुन्या ऑफिसांत मिस्टरसिड आणि ईसीडब्ल्यूच्या फाईली अजून सापडतात. दाबायला दोन्ही जबरदस्त, पण वाचायला फुकट असले तरी बनवायला लायसन्स लागतं. जेपेग २००० खुलं आहे, सेंटिनेल-२ उपग्रहाचा डेटा त्यातच येतो, पण क्रोम-फायरफॉक्स ते उघडत नाहीत. वेबवर टाकायचं तर आज सीओजी, म्हणजे क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ. शेवटी ती लोकेशन असलेली टिफच, फक्त आतून ५१२ बाय ५१२ च्या चौकोनांत कापलेली, सोबत लहान लहान केलेल्या प्रती आणि सुरुवातीलाच कुठला तुकडा कुठं आहे त्याची यादी. ऊसतोड टोळी मोळ्या बांधून ठेवते तसं समजा, पाहिजे ती मोळी उचला, अख्खा फड ओढायची गरज नाही. ब्राउझर स्क्रीनवर दिसतील तेवढेच बाइट मागतो.

बनवायला क्यूजीआयएस हे नकाशाचं फुकट सॉफ्टवेअर पुरे. रास्टर मेनू, कन्व्हर्जन, ट्रान्सलेट. खाली ॲडव्हान्स्डमध्ये ज्यादा कमांड-लाइन पॅरामीटर लिहायची जागा आहे, तिथं मायनस ओएफ, स्पेस, सीओजी असं टाका (अक्षरं अर्थात इंग्रजीत). क्रिएशन ऑप्शनमध्ये कॉम्प्रेस जेपेग आणि क्वालिटी ८०. इथं एक खोच आहे, साध्या जिओटिफला जो जेपेग-क्वालिटी नावाचा ऑप्शन असतो तो सीओजीला चालत नाही, नुसतं क्वालिटी लिहायचं, नाहीतर ७५ धरून पुढं जातं. क्यूजीआयएसच्या आतलं जीडॅल (फाईल बदलायचं खरं काम तेच करतं) ३.१ किंवा पुढचं पाहिजे, ते २०२० ला आलं, सीओजीचा ड्रायव्हर तिथूनच सुरू झाला.

कडेची काळी किनार सगळ्यांना छळते. जेपेग दाबताना शुद्ध काळा ० राहत नाही, कुठं १ होतो कुठं ३, मग "० म्हणजे पारदर्शक" सांगितलं तरी कडेला मुंग्या दिसतात. फाईलला अल्फा बँड असेल तर सीओजी करताना त्याचा आपोआप मास्क (कुठलं दाखवायचं, कुठलं नाही त्याचा थर) होतो आणि प्रश्न मिटतो, नसेल तर आधी ॲनालिसिसमधलं नियर ब्लॅक अल्फा लावून चालवा.

आता ठेवायची कुठं? ड्राइव्हच्या शेअर लिंकवर हे जमत नाही. असा सर्व्हर पाहिजे जो फाईलचा तुकडा देतो, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर देतो, ऑब्जेक्ट स्टोरेज (क्लाउडवर फाईल ठेवायची जागा) देतात, पायथनचा तो एका ओळीत चालू होणारा टेस्ट सर्व्हर देत नाही, त्यावर टेस्ट करून "सीओजी चालतच नाही" म्हणणारे खूप आहेत. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये २०६ (म्हणजे तुकडा दिला) दिसला तर बरोबर, २०० दिसून फाईल सगळी उतरायला लागली तर सर्व्हर बदला. दुसऱ्या डोमेनवरून बघणार असाल तर कॉर्स (दुसऱ्या साइटला फाईल वाचायची परवानगी) चालू करा. पेजवर नकाशा दाखवायच्या लायब्ररींपैकी ओपनलेयर्स सीओजी थेट वाचतं, लीफलेटला प्लगइन लागतं.

टाइल, म्हणजे नकाशाचे छोटे चौकोनी फोटो, आधीच कापून ठेवायचा जुना मार्ग अजून चालतो, पण ५ सेंमीसाठी झूम २२ पर्यंत जायचं तर आपल्याकडं १ चौरस किलोमीटरला नुसत्या त्या एका लेव्हलच्याच जवळपास १२ हजार फाईली होतात. गर्दीची वेबसाइट असेल तरच त्या भानगडीत पडा.

आणि हो, वेबच्या नकाशासाठी वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये बदललेली फाईल मोजणीला देऊ नका. कोल्हापूरच्या अक्षांशावर त्यात क्षेत्रफळ ९ टक्के फुगतं, ४० गुंठ्याचं रान साडेत्रेचाळीस गुंठे दिसतंय आणि मग भावकीत काय होतं ते सांगायला नको. मोजायला यूटीएम झोन ४३ या मीटरमधल्या प्रोजेक्शनची मूळ फाईल वेगळी जपून ठेवा.

कायद्याचं एक लक्षात ठेवा, फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं १ मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतातच साठवायचा आणि प्रोसेस करायचा, ड्रोनचा नकाशा त्यात बसू शकतो, तेव्हा क्लाउड घेताना मुंबई रीजन निवडा.

नवीन उड्डाणाची फाईल जुन्याच नावानं चढवू नका. ब्राउझरकडं जुनी यादी साठलेली असते, तो त्या हिशोबानं नव्या फाईलचे बाइट मागतो आणि नकाशावर चौकोन फुटतात. नावात तारीख घाला आणि पेजमधली लिंक बदला.