जुन्या बुलेटवर चिखलदरा: घाट चढल्यावर गाडी परत कशी सुरू करायची

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा, तिथून घटांगला उतरायचं आणि पुन्हा परतवाडा. वडिलांच्या १९८४ च्या बुलेटवर हा फेरा मी किती वेळा केला, ते आता मोजणंही सोडलं आहे. जुनी गाडी घेऊन मेळघाटात जायचं म्हटलं की लोक जॅकेट कोणतं घ्यावं आणि बॅग कुठे बांधावी, यावर तासभर बोलतात. गाडी अडते ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. घाट चढून वर आलात, चहाला थांबलात, वीस मिनिटांनी किक मारली की ती ढिम्म. त्या क्षणी जे सल्ले मिळतात ते बहुतेक चुकीचे असतात, आणि काही तर गाडीचं आणि पायाचं कायमचं नुकसान करणारे असतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्या एका किकबद्दल आहे.

गाडी म्हणजे ३४६ सीसीची, पॉइंट-कन्डेन्सरवाली, ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट. पॉइंट म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणारे संपर्क, आणि कन्डेन्सर म्हणजे त्यांच्या जोडीला असलेला विजेचा छोटा भाग. बटण स्टार्टवाल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

हवा, चेन, ऑइल, केबल, विमा, पीयूसी हे तुम्ही पाहिलेलं आहे असं धरून चालतो. फक्त दोन गोष्टी सांगतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही, तेव्हा पेट्रोलचा पाइप नवा टाका. दुसरं, नोंदणी. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं ते केलेलं असू द्या. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. फिरायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पऱ्हाटी फुटलेली असते, तुरी पिवळ्या झालेल्या असतात, अचलपूरकडच्या वावरांत संत्र्याची झाडं लगडलेली दिसतात. पळस बघायचा असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात जा, पण दहाच्या आत घाट चढून मोकळे व्हा. एप्रिल-मेमध्ये जाऊच नका. पावसाळ्यात डांबरी रस्ता ठीक आहे, मात्र फोटोसाठी गाडी पांदण रस्त्यात घालू नका. काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं, आणि मग बंडी बोलवावी लागते.

उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली गाडी पहिल्यांदा चालवत असाल तर आधी दोन दिवस गावातल्या मोकळ्या मैदानात चालवा. पहिला गिअर वर, बाकी तिन्ही खाली. घाबरल्यावर पाय जुन्या सवयीनेच दाबतो, आणि समोर रोही (नीलगाय) आडवा आला की ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. याला सरावाशिवाय उपाय नाही.

निघा पहाटे. मोथ्याच्या अलीकडे चढ सुरू होतो तिथून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, घाई न करता.

आता मुख्य गोष्ट.

इंजिन चालू असताना वारा त्याला थंड ठेवतो. गाडी उभी केली की वारा थांबतो आणि सिलिंडरची सगळी उष्णता कार्बोरेटरकडे सरकते. आतलं पेट्रोल तापतं, त्याची वाफ होते, थोडं उतूही जातं. म्हणजे वीस मिनिटांनी तुम्ही किक मारता तेव्हा आत पेट्रोल कमी नसतं, जास्त असतं. चोक असतो थंड इंजिनला जास्त पेट्रोल द्यायला. एवढं लक्षात घेतलं तर तो ओढायचा सल्ला किती उलटा आहे ते कळेल. गरम इंजिनला चोक कधीच नाही.

मी हे शिकलो ते घटांगला. पंचवीस वर्षांचा होतो, चहा घेऊन निघालो आणि गाडी सुरू होईना. जमलेल्यांपैकी एक म्हणाला जोरात मार, दुसरा म्हणाला चोक ओढ, तिसऱ्याने सिलिंडरवर ओतायला पाण्याची बादली आणली. पाणी मी ओतू दिलं नाही, तेवढी अक्कल होती. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो, आणि तसा सिलिंडर मी नंतर एका गॅरेजमध्ये पाहिलाही. पण जोरात मार, हे मात्र ऐकलं. तीसेक किक मारल्या. शेवटची अर्ध्यातच अडली आणि उलटी आली. पायात साधी चप्पल होती. घोटा असा सुजला की तीन आठवडे जमिनीवर पाय टेकवता आला नाही. गुरं घेऊन चाललेले एक म्हातारे बाबा थांबले होते. ते म्हणाले, "कायले लाथा मारून राहिला बापू तिले? जरा दम घिऊ दे." त्यांना इंजिनमधलं काही कळत नसावं, पण त्या दुपारी एवढा एकच सल्ला बरोबर होता.

किक उलटी का येते? ती अर्धवट दाबल्यामुळे. पिस्टन वर पोहोचायच्या जरा आधी ठिणगी पडते. तुमच्या पायात पिस्टनला टोकापलीकडे न्यायचा जोर नसेल तर तो स्फोट पिस्टनला मागे ढकलतो आणि किकचा दांडा तुमच्या पायावर येतो. म्हणून जोर महत्त्वाचा नाही. किक कुठून सुरू करता, ते महत्त्वाचं.

ती जागा हेडलाइटच्या वरचा अँपिअर मीटर दाखवतो. बहुतेक लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. दिवा बंद ठेवून चावी चालू करा आणि किक हाताने दाबावी तशी हळूहळू पायाने दाबा. पॉइंट मिटलेले असले की काटा वजाकडे जातो, उघडले की मध्यावर येतो. दाबत जा. एका जागी किक दगडासारखी घट्ट होईल, आणि काटा मध्यावर असेल. तिथे थांबा. डाव्या हातातला डीकम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा दांडा, ओढा, किक आणखी फक्त दोन-तीन बोटं खाली न्या, डीकम्प्रेसर सोडा. आता किक पूर्ण वर येऊ द्या. पिस्टन टोकाच्या जरा पुढे गेला आहे, आणि पुढच्या दाबापर्यंत त्याला भरपूर धाव मिळणार आहे. अ‍ॅक्सिलरेटर बंद किंवा केसभर उघडा. गुडघा किंचित वाकलेला ठेवून, शरीराचं वजन टाकत, किक खालपर्यंत एका दमात न्या. उडी मारायची नाही, मध्येच सोडायचंही नाही. पायात बूट हवाच, घोट्याच्या वर येणारा.

अशा तीन किका. चौथी मारू नका.

तिसऱ्यालाही सुरू झाली नाही तर आत पेट्रोल भरलं आहे. चावी बंद, पेट्रोलचा कॉक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, डीकम्प्रेसर ओढून धरा आणि सहा-सात वेळा आरामात किक मारा. आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर जाईल. मग कॉक चालू करा, अ‍ॅक्सिलरेटर परत बंद करा आणि काट्यापासून पुन्हा सगळं. माझी गाडी इथे दहातल्या नऊ वेळा सुरू होते.

नाहीच झाली तर पंधरा मिनिटं खरोखर थांबा. गरम असताना प्लग काढू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तापलेल्या अवस्थेत आटे गेले तर मेळघाटात ते करून देणारं कोणी नाही. गार झाल्यावर प्लग काढा. ओला असेल तर पुसा किंवा दुसरा टाका. कोरडा असेल तर पॉइंटचं झाकण उघडा. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. फीलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालतं.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी दोन वर्षं आणि बरेच पैसे घालवले. गाडी सकाळी थंड असताना पहिल्या किकला सुरू होते, आणि तापल्यावर मात्र मिस मारते, सुरूच होत नाही, असं होत असेल तर सगळ्यात आधी कन्डेन्सर बदला. शहरातल्या एका मिस्त्रीने मला रिंग गेल्या म्हणून इंजिन उघडायला लावलं, बोअर करून दिलं, आणि पुढच्याच खेपेला गाडी त्याच वळणावर बंद पडली. कन्डेन्सर गरम झाल्यावर निकामी होत होता. पॉइंटवर पिवळसर मोठी ठिणगी दिसली की समजा तोच. बोटभराची ती वस्तू आणि पॉइंटचा एक सेट खिशात असल्याशिवाय मी आता परतवाडा सोडत नाही.

हे सगळं टाळायचा सोपा मार्गही आहे. घाट चढून गेल्यावर लगेच थांबून दहा मिनिटांत निघायचं, असं करू नका. थांबण्याआधीचा शेवटचा किलोमीटर-दोन हलक्या हाताने चालवा, गाडी सावलीत वाऱ्याकडे तोंड करून लावा, कॉक बंद करा आणि मग निवांत तासभर द्या. त्यासाठी गाविलगड आहेच. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतलेला तो किल्ला नीट चालून बघायला तासभर लागतोच, आणि परत येईतो इंजिनला हात लावता येतो. वाटेत गवळ्यांकडचा खवा मिळाला तर घ्या.

घटांगकडे उतरताना क्लच दाबून गाडी सोडू नका. ड्रम ब्रेक तापले की धरत नाहीत. दुसऱ्या गिअरवर इंजिनच्या ताकदीने उतरा, ब्रेक वळणापुरता. आणि अंधार पडायच्या आत जंगलाबाहेर या. सहा व्होल्टच्या दिव्यात रानडुक्कर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

घरी पोहोचलात की गाडी लगेच बंद करू नका. कॉक बंद करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ती आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे ते पेट्रोल महिनाभर आत साचून राहणार नाही. ती थांबल्यावर चावी बंद करायला विसरू नका. पॉइंट मिटलेले राहिले असतील तर रात्रभरात बॅटरी उतरते आणि कॉइलही जळू शकते. काटा मध्यावर आला आहे ना, ते बघूनच आत जा.