आरोग्य विम्याची पॉलिसी घेण्याआधी दवाखान्यांची यादी करा

बेळगावच्या उद्यमबागेत स्वतःचा लेथ चालवणारे, वडगावात चार माग टाकलेले, निपाणीत किराणा दुकान असलेले, खानापुरात टेम्पोवर पोट असलेले, यांच्यापैकी कोणाकडेच बहुधा ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड नसतं आणि कंपनीची ग्रुप पॉलिसीही नसते. आजारपणात बिल येतंच, शिवाय धंदा बंद राहतो तो वेगळाच. म्हणून हप्त्याच्या आकड्यापासून सुरुवात करू नका. आधी वहीच्या एका पानावर लिहा: घरातलं कोणी रात्री बाराला आजारी पडलं तर कुठे नेणार? मोठं काही निघालं तर पुढे कुठे? निपाणीवाले कोल्हापूर लिहितील, अथणी-कागवाडकडचे मिरज, खानापूरकर बेळगाव किंवा गोवा. ही चार-पाच नावं हातात ठेवूनच एजंटसमोर बसा आणि प्रत्येक दवाखाना त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत (जिथलं बिल कंपनी परस्पर भरते) आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः बघा. एजंटकडची छापील यादी जुनी असू शकते.

आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण सरकारी योजना बहुतांशी राज्याच्या हद्दीला बांधलेल्या असतात. ‘आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक’ योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल (त्या रेषेवरच्या) कुटुंबाला मात्र ठरलेल्या दराच्या ३० टक्केच मिळतात, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत, आणि तातडीची वेळ सोडली तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. सहकारी सोसायटीचे सभासद असाल तर कर्नाटक सरकारच्या यशस्विनी आरोग्य योजनेची नोंदणी चुकवू नका. ती वर्षातून ठरावीक मुदतीतच होते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. तिचा विचार असेल तर दाखल होण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) पक्कं करून घ्या. मिळेल ते जरूर घ्या, पण या योजनांच्या भरवशावर पॉलिसी टाळू नका.

खासगी पॉलिसी देशभर चालते, पण तिला झोन असतात, म्हणजे शहरांप्रमाणे हप्त्याचे गट. बेळगावच्या पत्त्यावर हप्ता साधारण कमी बसतो. मात्र काही पॉलिसींत स्वस्त झोनचा हप्ता भरून महागड्या शहरात उपचार घेतले, तर बिलाचा काही टक्के भाग खिशातून भरावा लागतो. ‘पुण्या-मुंबईत उपचार घेतले तर को-पे आहे का?’ असं थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

रूमचं भाडं: पैसे इथेच जातात

समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि रूमची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. दवाखान्यात ६,००० ची रूम घेतली, पाच दिवस राहिलात. बिल असं आलं: रूम ३०,०००, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून ९०,०००, औषधं, तपासण्या, इम्प्लांट ६०,०००. एकूण १,८०,०००. बहुतेकांना वाटतं, रूमचे वरचे १५,००० तेवढे आपण भरायचे. तसं होत नाही. रूम दुप्पट भाड्याची, म्हणून डॉक्टर आणि थिएटरच्या ९०,००० मधलेही निम्मेच मिळतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. हिशेब १५,००० + ४५,००० + ६०,००० असा होतो, म्हणजे हातात १,२०,००० आणि खिशातून ६०,०००.

त्यामुळे ‘रूमवर मर्यादा नाही’ किंवा निदान ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असं लिहिलेली पॉलिसी घ्या. हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल, पण इथे काटकसर नको. मर्यादा असलेलीच पॉलिसी हातात असेल तर दाखल होताना काउंटरवर मर्यादेतलीच रूम मागा. हातमोजे, सिरिंज असल्या वस्तूंचे पैसे साध्या पॉलिसीत कापले जातात. त्यासाठी वेगळा रायडर (जादा हप्त्याची जोड) मिळतो, परवडला तर घ्यावा.

किती रकमेची?

चौघांच्या कुटुंबाला १० लाख हा आमच्या मते बरा आकडा. तेवढा हप्ता झेपत नसेल तर ५ लाखांची मूळ पॉलिसी घ्या आणि वर ५ लाखांच्या डिडक्टिबलचा १५ लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे पहिले ५ लाख सोडून त्यावरचं बिल भरणारी जोड पॉलिसी. ‘सुपर’ शब्द नीट वाचा. एकाच वर्षात ३ लाख आणि ४ लाख अशी दोन बिलं आली, तर मूळ पॉलिसी ५ लाख देते आणि उरलेले २ लाख सुपर टॉप-अप देतो. साधा टॉप-अप असेल तर काहीच मिळत नाही, कारण कुठलंही एक बिल ५ लाखांवर गेलेलं नसतं.

आई-वडिलांना आपल्या फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत) घालू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो. त्यांची वेगळी पॉलिसी काढा.

फॉर्म स्वतः भरा

बीपीची गोळी, शुगर, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. तंबाखूचंही लिहा. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखूला कोणी व्यसन म्हणत नाही, पण फॉर्ममध्ये तो स्पष्ट प्रश्न असतो. ‘लिहू नका, हप्ता वाढेल,’ असं एजंट म्हणाला तरी ऐकू नका. क्लेम नाकारला गेला तर एजंट भरून देणार नाही. पॉलिसीबरोबर फॉर्मची प्रत येते, ती ओळ न् ओळ वाचा. चूक दिसली तर लगेच कंपनीला ईमेल करा. ३० दिवसांच्या आत पॉलिसी परतही करता येते. सोबतचं ग्राहक माहिती पत्रक मराठीत हवं असेल तर मागून घ्या. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच हवं. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनावाचं एखादं अक्षर बदललेलं असतं, आणि ते नेमकं क्लेमच्या वेळी आडवं येतं.

पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूतखडा, गुडघेबदल यांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने. त्यामुळे तब्येत ठीक असतानाच पॉलिसी घ्यावी. सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पण हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज द्या, म्हणजे झालेली मुदत वाया जात नाही.

पॉलिसी ज्या महिन्यात काढाल, त्याच महिन्यात दरवर्षी हप्ता येणार. म्हणून हातात पैसा असतो तो महिना निवडा. उसाचं बिल मिळाल्यावर किंवा दिवाळीच्या विक्रीनंतर. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते, पण त्या दिवसांतल्या आजाराला पैसे मिळत नाहीत. वैयक्तिक आणि कुटुंबाच्या पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. कोणी १८ टक्के लावून आकडा सांगितला तर तो दर जुना आहे. आयकरातली आरोग्य विम्याच्या हप्त्याची वजावट (‘८०डी’ नावाने ओळखली जाणारी; स्वतःच्या कुटुंबासाठी २५,०००, ज्येष्ठ आई-वडिलांसाठी वेगळे ५०,०००) फक्त जुन्या कररचनेत मिळते आणि रोख भरलेला हप्ता त्यात धरत नाहीत.

मशिनवर काम असेल तर अपघात विमा वेगळा काढा आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा आठवड्याला भत्ता आहे का ते बघा. हात प्लास्टरमध्ये असताना दवाखान्याचं बिल आरोग्य विमा भरेल, घरखर्च नाही भरणार.

दाखल होताना

ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी, तातडीचं असेल तर दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत कंपनीला कळवा. यादीत नसलेल्या दवाखान्यातही कॅशलेस मागता येतं, पण मिळेलच असं धरून चालू नका. गावातला छोटा दवाखाना असेल तर त्याची कायद्याने नोंदणी आहे का, नसेल तर निदान १० खाटा आणि चोवीस तास डॉक्टर-नर्स आहेत का ते आधीच पाहून ठेवा. दोन्ही नसेल तर विम्याच्या व्याख्येत तो दवाखानाच ठरत नाही.

केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, ‘बीपी कधीपासून?’ घाबरलेला नातेवाईक म्हणतो, ‘असेल पाच वर्षं.’ प्रत्यक्षात गोळी दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली असते. तो आकडा कागदावर जातो आणि पॉलिसी घेऊन तीन वर्षं झालेली असतील तर आजार आधीचा आणि लपवलेला वाटतो, तेवढ्यावरून क्लेम अडतो. गोळीची पहिली चिठ्ठी फाइलला लावून ठेवा, नेमकं वर्ष सांगा, आणि डिस्चार्ज समरीवर सही करण्याआधी ती ओळ वाचा. चुकली असेल तर तिथेच डॉक्टरांकडून दुरुस्त करून शिक्का घ्या.

तरीही क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आपल्या जिल्ह्याचं कार्यालय बेंगळुरूला आहे, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत करावी लागते.