लाखभर अंकांची बेरीज, एक अंक उरेपर्यंत

शाळेत असताना परळ ते दादर बसमध्ये आमचा एकच उद्योग असायचा. बेस्टच्या तिकिटावरच्या आकड्यांची बेरीज करायची, आलेल्या उत्तराच्या अंकांची पुन्हा करायची, एक अंक उरेपर्यंत. आता संध्याकाळी घरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते, तेव्हा तोच खेळ लाख अंकी संख्येवर आला की मुलं अडतात.

अडतात कारण ती संख्या सी भाषेतल्या 'लाँग लाँग'मध्ये, म्हणजे मोठ्या पूर्णांकांसाठीच्या डब्यात, कोंबायला जातात. त्यात जेमतेम १९ अंक मावतात. पायथॉन भाषेत संख्या कितीही मोठी चालते, पण ३.११ पासून ४,३०० पेक्षा जास्त अंकांच्या स्ट्रिंगचा (अक्षरांच्या ओळीचा) इंटिजर (पूर्णांक) करायला गेलात की एरर येतो. ती मर्यादा वाढवता येते, पण कशाला? आपल्याला संख्या नकोच आहे, फक्त अंक हवेत. स्ट्रिंग तशीच ठेवा, एकेक अक्षर उचला, त्याचा अंक करून बेरजेत टाका.

लाखच्या लाख अंक ९ असले तरी बेरीज ९ लाख. पुढच्या फेरीत फार तर ५३ (८,९९,९९९ ची). म्हणजे कितीही वाईट संख्या आली तरी चार फेऱ्यांत काम संपतं.

त्या फेऱ्याही टाळता येतात. १०, १००, १००० यांतून १ काढला की ९, ९९, ९९९ उरतात, सगळे नऊच्या पाढ्यातले. म्हणून संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच अंकांच्या बेरजेलाही उरते. बेरजेची ९ ने बाकी काढा, तेच उत्तर. बाकी ० आली तर उत्तर ९, पण मुळात सगळेच अंक शून्य असतील तर ०.

तीच संख्या लाख वेळा जोडून लिहिलीय असं गणित आलं, तर स्ट्रिंग चिकटवत बसू नका, बेरजेला लाखाने गुणा. फक्त ९ लाख गुणिले १ लाख म्हणजे ९,००० कोटी, आणि साध्या इंटमध्ये (पूर्णांकांच्या लहान डब्यात) २१४ कोटींच्या वर मावत नाही. इथे मात्र लाँग लाँग घ्याच.

परवा एका मुलीचा सी मधला प्रोग्रॅम १२३ ला ६ सांगत होता, ४५६ लाही ६. दोन्ही बरोबर. २० दिले तर ८! अक्षराच्या आस्की कोडमधून, म्हणजे संगणक ते अक्षर ज्या आकड्याने साठवतो त्यातून, ४८ वजा करायचे ती विसरली होती. '०' चा आस्की कोड ४८, तीन अंकांचे जादा १४४, आणि १४४ ला नऊने पूर्ण भाग जातो. त्यामुळे तीन अंकी संख्येवर चूक दिसतच नाही, सहा आणि नऊ अंकीवरही नाही. म्हणून तपासताना एक, दोन आणि चार अंकी संख्या घ्या, आणि ० व ९ वेगवेगळे देऊन बघा.