बंदूक सोडतीत ठेवायची? आधी घेणाऱ्याचं नाव सांगा

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांतल्या सोडतींचे व्हिडिओ आपल्याकडे मोबाईलवर फिरत असतात. फिरत्या पिंपातून चिठ्ठी निघते, टाळ्या पडतात आणि विजेता रायफल घेऊन फोटो काढतो. मग कुडाळ, लांजा, देवरूख अशा बाजारपेठांत कोणाच्या तरी डोक्यात येतं, की दिवाळीच्या सोडतीत दरवर्षी दुचाकी ठेवतो, यंदा शेतीसंरक्षणाची सिंगल बॅरल ठेवू. रानडुकरं भात लोळवतात, माकडं-वांदरं नारळ-आंबा ठेवत नाहीत, तेव्हा कुपनं हातोहात जातील.

जातीलही. पण ही सोडत आपल्याकडे करता येत नाही. लहान परवानगी काढून भागेल अशातलीही ही गोष्ट नाही. सोडतीचा प्रामाणिकपणा यात असतो की शेवटची चिठ्ठी निघेपर्यंत वस्तू कोणाची होणार हे कोणालाच ठाऊक नसावं. शस्त्र कायद्याला नेमकं उलट हवं असतं. बंदूक हलण्याआधी ती कोणाकडे जाणार हे सरकारदरबारी नोंदलेलं पाहिजे. या दोन अटी एका बंदुकीवर एकत्र बसत नाहीत.

कायदा नेमका कुठे अडवतो

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक घेता किंवा बाळगता येत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. कलम ५ मात्र फारसं कोणी वाचत नाही, आणि आयोजक फसतो तो तिथेच. हे कलम नुसत्या विक्रीपुरतं नाही. हस्तांतर, तसंच विक्रीसाठी किंवा हस्तांतरासाठी शस्त्र मांडून ठेवणं आणि देऊ करणं, हे सगळं त्यात आहे. ‘पहिलं बक्षीस : बंदूक’ असा फलक किराणा दुकानावर लागला की चिठ्ठी निघायच्या आधीच ‘देऊ करणं’ झालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनाला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आणि वर दंड अशी शिक्षा आहे.

‘दुकानाची नको, माझी स्वतःची परवान्यावरची बंदूक बक्षीस देतो’ असं म्हणणारेही भेटतात. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेली बंदूक परवानाधारकाला दुसऱ्याला देता येते, हे खरं. पण घेणारा परवानाधारकच हवा. शिवाय जिल्हादंडाधिकारी किंवा जवळचं पोलीस ठाणं यांना लेखी कळवावं लागतं, त्यात घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. सोडतीच्या आयोजकाला या अर्जात नावाच्या रकान्यात लिहायला काहीच नसतं. पैसे न घेता दिली म्हणूनही सुटका होत नाही, कारण बक्षीस किंवा भेट हेसुद्धा हस्तांतरच.

विजेता कोण निघेल तेही हातात नाही. वय २१ पेक्षा कमी असलं, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून पाच वर्षं झाली नसली, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र चालू असलं किंवा मानसिक आरोग्याचं कारण असलं, तर कलम ९ प्रमाणे त्याला शस्त्र बाळगता येत नाही आणि त्याला ते देणाराही दोषी ठरतो. ज्याच्या नावावर आधीच दोन बंदुका आहेत त्याला तिसरी चालत नाही. ही मर्यादा पूर्वी तीनची होती, २०१९ मध्ये दोनची झाली.

‘नंबर लागल्यावर लायसन काढेल, तोवर दुकानात ठेवू’ ही तोड सर्रास सुचवली जाते. परवाना मिळेलच याची खात्री नसते. पोलिसांचा अहवाल येतो, शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण मागितलं जातं, कारण पटलं नाही तर अर्ज नाकारला जातो. तोवर विजेता ‘माझं बक्षीस दाबून ठेवलंय’ म्हणून दारात उभा राहतो, आणि ग्राहक म्हणून त्याचं म्हणणं चूकही नसतं.

मग अमेरिकेत कसं चालतं

तिथेही विजेत्याच्या हातात बंदूक तशीच पडत नाही, एवढंच की तो भाग व्हिडिओत दिसत नाही. विजेत्याला परवानाधारक विक्रेत्याकडे जाऊन ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्याची पार्श्वभूमी तपासली जाते. परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल किंवा शॉटगनसाठी वय किमान १८, हँडगनसाठी २१ लागतं. विजेता दुसऱ्या राज्यातला असला तर हँडगन त्याच्या राज्यातल्या विक्रेत्यामार्फत जाते. तपासणीत नकार आला तर बक्षीस रोखीत द्यायचं की पुन्हा चिठ्ठी काढायची, हे नीट चालवलेल्या सोडतीत तिकिटाच्या मागेच छापलेलं असतं. सोडत कोणी काढावी हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो आणि बऱ्याच ठिकाणी ती मुभा धर्मादाय संस्थांपुरती असते. थोडक्यात, तिथे विजेता निघाल्यावर पात्रता तपासून घेता येते. आपल्याकडे अपात्र माणसाचं नाव निघण्याची शक्यता उघडी ठेवून बक्षीस जाहीर करणं हेच अंगाशी येतं.

बंदूक बाजूला ठेवली तरी सोडत सुटत नाही

समजा आयोजक स्वतः शस्त्रविक्रीचा परवाना असलेला दुकानदार आहे आणि कुपनं फक्त परवानाधारकांनाच देणार आहे. शस्त्र कायद्याची अडचण बरीचशी सुटली. आता दुसरी उभी राहते. पैसे घेऊन तिकीट, नशिबावर निकाल आणि बक्षीस, या तीन गोष्टी जमल्या की ती लॉटरी. सरकारी किंवा सरकारने परवानगी दिलेली नसेल तर अशा सोडतीची जागा चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात छापणाऱ्यालाही पाच हजारांपर्यंत दंड आहे, त्यामुळे फ्लेक्सवाल्यालाही हे सांगून ठेवा.

‘तिकीट नाही, हजाराच्या खरेदीवर कुपन फुकट’ ही सगळ्यांची आवडती पळवाट. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत विक्री वाढवण्यासाठी घेतलेली सोडत किंवा नशिबाचा खेळ सरळसरळ आलेला आहे. अशा योजना गावोगाव चालतात हे खरं, पण चालतात म्हणजे कायद्यात बसतात असं नव्हे. तक्रार होत नाही तोवर त्या चालतात.

हप्त्यांची योजना तर पूर्ण टाळा. दरमहा ठरावीक रक्कम भरायची, दर महिन्याला चिठ्ठी, नंबर लागला की वस्तू मिळते आणि पुढचे हप्ते माफ, हा प्रकार १९७८ च्या कायद्याने बंद केलेल्या बक्षीस-चिट्समध्ये येतो. शिलाई मशीन असो की बंदूक, फरक पडत नाही.

जे करता येतं : क्रम ठरवण्याची चिठ्ठी

शस्त्रविक्रेत्याला चिठ्ठी खरोखर उपयोगी पडते अशी एक जागा आहे. माल थोडा आणि परवानाधारक जास्त. समजा चार बारा बोर सिंगल बॅरल आल्यात आणि अकरा जण घ्यायला तयार आहेत. इथे चिठ्ठीने बक्षीस ठरत नाही, फक्त आधी कोणी घ्यायची ते ठरतं. किंमत सगळ्यांना सारखी, नाव नोंदवायला पैसे नाहीत, ज्याचा नंबर लागला नाही त्याचं काही जात नाही. म्हणून ही लॉटरी होत नाही, आणि शस्त्र कायद्याला हवी असलेली सगळी नावंही आधीच हातात असतात.

नाव यादीत घेण्यापूर्वी मूळ परवाना पाहा, झेरॉक्सवर जाऊ नका. युनिक ओळख क्रमांक आहे का, मुदत संपलेली नाही ना (आता ती पाच वर्षांची असते), कोणत्या प्रकारच्या शस्त्राला मंजुरी आहे, शस्त्र घेण्याची मुदत उरली आहे का, आधीची किती शस्त्रं चढवलेली आहेत आणि परवान्याची हद्द कोणती. शस्त्राचा प्रकार आणि हद्द हे दोन मुद्दे कोकणात जास्त नडतात. शेतीसंरक्षणाचा परवाना असेल तर तो ठासणीच्या बंदुकीपुरता असू शकतो. अशा माणसाचा नंबर काडतुसाच्या बंदुकीसाठी लागला तर त्याचा आणि तुमचा दोघांचाही दिवस फुकट जातो. हद्दही बऱ्याचदा आखडती असते.

अकरा जणांना १ ते ११ क्रमांक नोंदवहीच्या क्रमाने द्या आणि यादी आदल्या दिवशी दुकानात लावा. चिठ्ठीच्या वेळी चार नंबर काढून थांबू नका, अकराही शेवटपर्यंत काढा. पाचव्यापासून पुढचे प्रतीक्षायादीत जातात. कोणी सात दिवसांत व्यवहार पूर्ण केला नाही तर पुढच्याला बोलवा. सगळा क्रम आधीच काढलेला असला की ‘तुझ्या मेव्हण्याला दिलीस’ हे ऐकावं लागत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या तोंडावर हा कार्यक्रम ठेवू नका. घेतलेली बंदूक लगेच पोलीस ठाण्यात जमा करायची पाळी येऊ शकते.

चिठ्ठी प्रामाणिक कशी होते

कागदाच्या घड्या वापरू नका. जून ते सप्टेंबर किनारपट्टीच्या दमट हवेत कागद सादळतो, चिठ्ठ्या एकमेकींना चिकटतात, हाताला जाडसर लागणारी जोडी आधी उचलली जाते. घडी कमीजास्त असली तरी बोटांना कळते. हाऊजीच्या सोंगट्या उत्तम : सारख्या आकाराच्या, १ ते ९० तयार मिळतात. वापरण्यापूर्वी सगळ्यांसमोर मोजा, कारण जुन्या संचात एखादी हमखास हरवलेली असते.

नंतर टाकलेल्या चिठ्ठ्या वर राहतात आणि वरच्या आधी निघतात. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली, ३६६ कुप्या एका बरणीत होत्या. त्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या आणि नीट मिसळल्या नाहीत, त्यामुळे वर्षाअखेरीच्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. एवढ्या मोठ्या सरकारी सोडतीत हे झालं, तर प्लास्टिकच्या बादलीत दोनदा हात फिरवून चिठ्ठ्या मिसळल्या असं समजू नका.

शेतकरी गटाच्या मेळाव्यात विनामूल्य सोडत असेल आणि नावं शेकड्यांत असतील, तर आकड्यांच्या पिशव्या वापरा. समजा ५९४ नावं आहेत. त्यांना ००० ते ५९३ क्रमांक द्या. शतकाच्या पिशवीत ० ते ५, दशक आणि एककाच्या पिशव्यांत ० ते ९ सोंगट्या. तीन पिशव्यांतून तीन आकडे. ५९७ असा न दिलेला क्रमांक आला तर तिन्ही आकडे परत टाकून नव्याने काढा. फक्त शेवटचा आकडा पुन्हा काढायचा मोह होतो, पण तसं केलं तर ५९० ते ५९३ या चौघांची संधी इतरांच्या अडीचपट होते. प्रत्येक बक्षिसानंतर सोंगट्या पिशवीत परत जायला हव्यात. एकाच क्रमांकाला दुसरं बक्षीस चालेल की नाही हे आधी जाहीर करा.

अशा मेळाव्यात आयोजक दुकान नसावं, खरेदीची अट नसावी आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवलेलं असावं. निकाल लपवू नका. बक्षीसयोजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागींपासून दडवणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. वर्तमानपत्रात जाहिरात दिली असेल तर निकालही त्याच पत्रात ठळकपणे द्या.

बक्षीस १०,००० रुपयांवर गेलं की ३० टक्के कर आधी कापायचा असतो आणि तो पूर्ण किमतीवर. वस्तू २४,००० ची असेल तर ७,२०० रुपये भरल्याशिवाय ती विजेत्याच्या ताब्यात देता येत नाही. हे फलकावर लिहिलं नाही तर व्यासपीठावरच वाद होतो.

बंदुकीऐवजी काय ठेवावं

एअर गनचं नाव लगेच पुढे येतं. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर गनला परवाना लागत नाही, पण गावच्या मेळाव्यात ती पोराटोरांच्या हाती जाते. आम्ही ती बक्षीस म्हणून सुचवणार नाही. शिवाय बंदूक परवान्यावर आहे म्हणून रानडुकरावर गोळी घालता येत नाही, त्याला वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

पिकासाठी सौर कुंपणाचा संच बरा : झटका यंत्र, १२ व्होल्टची बॅटरी, पॅनेल, तारा, इन्सुलेटर आणि अर्थिंगच्या कांब्या. कातळावर एक कांबी पुरत नाही. एप्रिल-मे मध्ये जांभा कोरडा पडतो, अर्थिंग तुटतं आणि झटका लागत नाही. दोन-तीन कांब्या अंतरावर ठोकून जोडाव्या लागतात. पावसाळ्यात तारेला टेकणारं गवत कापत राहावं लागतं. घरातला वीजप्रवाह थेट तारेत सोडण्याचा प्रकार जीवघेणा आणि गुन्हा आहे, हे बक्षीस देतानाच बजावा.

बंदुकीची सोडत जाहीर करून बसला असाल तर

फलक आजच उतरवा आणि समाजमाध्यमांवरची जाहिरात काढा. बंदूक दुकानात किंवा मंडपात आणली असेल तर ती ज्याच्या परवान्यावर आहे त्यानेच ती परत न्यावी, दुसऱ्याच्या हाती पाठवू नये. कोणाच्याच परवान्यावर नसेल, म्हणजे वारलेल्या आजोबांची माळ्यावर पडलेली वगैरे, तर ती तडक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. वारसाला ती नंतर स्वतःच्या नावावर मागता येते. आजोबा हयात असतील आणि सत्तरीला पोचले असतील, किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो.

कुपनांचे पैसे घेतले असतील तर स्थळप्रत पाहून नंबरवार परत करा, प्रत्येकाची सही घ्या आणि कुपन रद्द असा शिक्का मारून जपून ठेवा. जे परत न्यायला आले नाहीत त्यांची यादी रकमेसह दुकानाच्या दारावर लावा.