मंदिराच्या सुरक्षेसाठी अमेरिकी सरकारचे अनुदान : अर्ज कसा करावा

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर मोठ्या शहरांना दहशतवादापासून वाचवण्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने 2003 मध्ये ‘अर्बन एरिया सिक्युरिटी इनिशिएटिव्ह’ ही अनुदान योजना सुरू केली. 2024 या आर्थिक वर्षात तिच्यासाठी 55 कोटी 35 लाख डॉलरची तरतूद होती आणि त्यातला मोठा वाटा शहरांच्या पोलीस, अग्निशमन व आपत्कालीन यंत्रणांकडे जातो. तिचेच धाकटे भावंड म्हणावे अशी ‘नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम’ ही योजना मात्र मंदिरे, गुरुद्वारे, सिनेगॉग, मशिदी, चर्च आणि इतर ना-नफा संस्थांसाठी आहे. न्यू जर्सी, शिकागो किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात आपली कितीतरी माणसे मंदिरांचे विश्वस्त व खजिनदार म्हणून वर्षानुवर्षे राबतात. तरीही कागदपत्रांच्या धास्तीने अर्ज राहून जातो. ही धास्ती अनाठायी आहे, असे माझे मत आहे.

आधी पात्रता पाहावी. संस्था 501(सी)(3) या करसवलतीच्या कलमात बसणारी असावी लागते. ज्या जागेसाठी पैसे मागायचे, ती अर्ज करतेवेळी संस्थेच्या प्रत्यक्ष वापरात असावी लागते. म्हणून गणेशोत्सवापुरता शाळेचा हॉल भाड्याने घेणाऱ्या मंडळाला त्या हॉलसाठी या योजनेचा उपयोग नाही. ठरवून दिलेल्या महानगर क्षेत्रातील संस्थांचा निधी वेगळा आणि त्याबाहेरच्यांचा वेगळा असतो, त्यामुळे आपला पत्ता कशात मोडतो हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. अर्ज थेट ‘फेमा’कडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडे, जात नाही, तर राज्याने नेमलेल्या कार्यालयामार्फत जातो. न्यू जर्सीत हे काम ‘ऑफिस ऑफ होमलँड सिक्युरिटी अँड प्रिपेअर्डनेस’ पाहते, तर कॅलिफोर्नियात ‘कॅल ओईएस’. राज्याची मुदत केंद्राच्या मुदतीच्या आधी संपते आणि हाती जेमतेम काही आठवडेच उरतात. ‘यूईआय’ हा संस्थेचा ओळख क्रमांक सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना दारातूनच परत पाठवावे.

खरे काम आहे ते जागेच्या पाहणीचे. केंद्र सरकारच्या ‘सिसा’ या संस्थेचे सुरक्षा सल्लागार ही पाहणी विनामूल्य करून देतात. स्थानिक पोलीसही करतात. पाहणीसाठी शक्यतो उत्सवाचा दिवस निवडावा, कारण रिकाम्या मंदिरात काहीच दिसत नाही. महाप्रसादाची पातेली आत आणताना स्वयंपाकघराचे मागचे दार तांदळाच्या पोत्याने अडवून तासन्‌तास उघडे ठेवलेले असते. संकटकाळी बाहेर पडायच्या दारासमोर चपलांचा ढीग साचलेला असतो. दर्शनी भागात साध्या काचेची रुंद दारे असतात आणि वाहनतळापासून त्यांच्यापर्यंत गाडी कुठेही न अडता येऊ शकते. हे सगळे लेखी अहवालात यायला हवे. 5 ऑगस्ट 2012 च्या रविवारी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात लंगरची तयारी चालू असताना बंदूकधारी आला आणि त्याने सहा जणांचा जीव घेतला. हे ज्याला आठवते, तो मागच्या दाराकडे दुर्लक्ष करणार नाही.

त्यानंतर ‘इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन’ हा मुख्य अर्ज भरावा. यात धोका, कच्चे दुवे आणि हल्ला झालाच तर होणारे परिणाम हे तीन भाग एका धाग्यात ओवलेले दिसले पाहिजेत. ‘आम्हाला भीती वाटते’ एवढ्या विधानाने गुण मिळत नाहीत. आलेल्या धमकीची किंवा भिंतीवर रंगवलेल्या मजकुराची पोलिसांत तक्रार केली असेल, तर तिची तारीख द्यावी. स्वतःचा अनुभव नसेल, तर आपल्यासारख्या संस्थांवरील नोंदलेल्या घटना सांगाव्यात. डिसेंबर 2023 मध्ये कॅलिफोर्नियातील नेवार्क येथे आणि सप्टेंबर 2024 मध्ये न्यू यॉर्क राज्यातील मेलव्हिल येथे स्वामिनारायण मंदिरांच्या परिसरात द्वेषपूर्ण मजकूर रंगवण्यात आला होता. मग मागितलेली प्रत्येक वस्तू अहवालातल्या एकेका दोषाशी जोडावी : मागच्या दारासाठी आपोआप बंद होणारे, कार्डाने उघडणारे कुलूप, काचेसाठी फुटून न विखुरणारी फिल्म, प्रवेशद्वारापुढे गाडी रोखणारे खांब. अहवालात ज्याचा उल्लेखही नाही असे सोळा कॅमेरे यादीत आले, की परीक्षकाला ती विक्रेत्याने लिहून दिलेली यादी वाटते आणि बहुधा ती तशीच असते. प्रशिक्षण आणि कंत्राटी सुरक्षारक्षक यांचा खर्चही मागता येतो. शस्त्रांचा मात्र मागता येत नाही.

2024 या आर्थिक वर्षाच्या नियमित फेरीत एका जागेसाठी जास्तीत जास्त दीड लाख डॉलर मागता येत होते. मर्यादा आणि नियम दरवर्षी बदलतात, म्हणून जुन्या अर्जाची नक्कल न करता त्या वर्षीची सूचना पूर्ण वाचावी.

मंजुरीचे पत्र आले, की उत्साहाच्या भरात कंत्राटदाराला बोलावण्याची चूक होते. पर्यावरण आणि ऐतिहासिक वास्तू यांविषयीची ‘फेमा’ची तपासणी पूर्ण होईपर्यंत भिंतीला एक भोकही पाडू नये, आधी केलेल्या कामाचे पैसे हातचे जाऊ शकतात. शिवाय हे अनुदान साधारणपणे आगाऊ मिळत नाही. खर्च आधी संस्थेने करायचा आणि पावत्या सादर करून पैसे परत मिळवायचे, अशी पद्धत असल्यामुळे दोन-चार महिने ती रक्कम अडकून पडेल हे धरूनच विश्वस्तांच्या बैठकीत ठराव करावा. देणगीदारांपैकी कोणाकडून बिनव्याजी उसनवारी मिळणार असेल, तर तीही त्याच बैठकीत लेखी नोंदवावी.

खरेदीपूर्वी किमान तीन दरपत्रके मागवावीत आणि एखाद्या विश्वस्ताच्या नात्यातील दुकानदाराला काम देण्याचा मोह टाळावा. दरपत्रके, धनादेशांच्या प्रती आणि बसवलेल्या उपकरणांची छायाचित्रे अनुदानाचा हिशेब बंद झाल्यावर किमान तीन वर्षे जपून ठेवावी लागतात. खजिनदार बदलला तरी ती फाइल नव्या खजिनदाराच्या हाती सही घेऊन सोपवावी.