कुकरमधलं कार्निटास: या चुका टाळा

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला की मला अंदाज येतो. "अगं, ते मेक्सिकन पोर्क, कार्निटास, केलंय, पण सुटतच नाहीये. किती शिट्ट्या करायच्या होत्या?" संध्याकाळी पाहुणे यायचे असतात, कुकर एव्हाना दोनदा उघडून झालेला असतो आणि आतला तुकडा काट्याला दाद देत नसतो. हा फोन मला इतक्यांदा आलाय, की समोरच्याने तोंड उघडायच्या आत मी विचारते, "मांस कुठलं आणलंस?"

मी शिकागोजवळ ऑरोरात राहते. एका अंगाला नेपरविलची देशी दुकानं, दुसऱ्या अंगाला मेक्सिकन कार्निसेरिया, म्हणजे खाटकाचं दुकान आणि किराणा एकत्र. ताजी कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, रसरशीत लिंबं तिथे स्वस्त मिळतात, म्हणून आमच्याकडची मराठी मंडळी तिथे जातातच. शनिवार-रविवारी तिथल्या मोठ्या कढईतून येणारा वास नाकात बसला, की आज ना उद्या प्रत्येक जण हा पदार्थ घरी करायला घेतो आणि पहिल्या खेपेला हमखास फसतो.

मुळात कार्निटास हा मिचोआकान प्रांताचा पदार्थ. किरोगा आणि उरुआपान ही त्याची नावाजलेली गावं. सांता क्लारा देल कोब्रे इथे ठोकून घडवलेल्या तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत डुकराची चरबी वितळवतात, त्यात मांस बुडवून मंद आचेवर दोन-तीन तास ठेवतात आणि शेवटी आच वाढवून बाहेरून लाल करतात. आत मऊ, कडेला कुरकुरीत. आपल्या कुकरात यातलं निम्मंच होतं: मांस मऊ पडतं. लाल होणं वाफेत शक्यच नाही. हे ज्याच्या ध्यानात राहतं, त्याच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

स्वच्छ, गुलाबी, बिनचरबीचं मांस

ही माझी स्वतःची चूक, त्यामुळे जरा लांबण लावते.

नवऱ्याच्या ऑफिसातली बारा माणसं जेवायला यायची होती. मी दुकानात गेले आणि पाठीचा लांबट तुकडा उचलला, पोर्क लॉइन. दिसायला देखणा, एकसारखा गुलाबी. वरच्या बाजूला चरबीची एक पट्टी होती, तीसुद्धा घरी येऊन सुरीने सोलून टाकली. पाहुण्यांना कशाला चरबी खायला घालायची, हा सुज्ञ विचार. दोन किलो मांस, कुकर, सहा शिट्ट्या. उघडलं तर घट्ट. आणखी चार. आणखी घट्ट. मग हट्टाला पेटून अर्धा तास ठेवलं. त्यानंतर ते सुटलं खरं, पण कसं, तर सुतळीचा गुंडा उसवावा तसं. तोंडात घातलं की ते सगळी लाळ शोषून घेतंय असं वाटायचं. मी वरून बरणीभर साल्सा, म्हणजे मेक्सिकन चटणी, ओतला. पाहुणे सभ्य होते, पाणी मात्र फार प्यायले.

पुढच्या आठवड्यात कार्निसेरियात काउंटरवरच्या बाईंना मी माझी कर्मकथा सांगितली. "लोमो?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्या खळखळून हसल्या आणि स्वतःच्या खांद्यावर दोनदा थाप मारून म्हणाल्या, "एस्पाल्डिया." खांदा. त्या थापेत मला जे कळलं ते दहा पाककृती वाचून कळलं नव्हतं.

त्यामागचं कारण साधं आहे. डुक्कर खांद्यावर बराचसा भार घेऊन चालतं, त्यामुळे तिथे स्नायूंच्या मधूनमधून चिवट पडदे आणि चरबी असते. त्या पडद्यांतलं कोलॅजेन ओल्या उष्णतेत बराच वेळ राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. बोटांना चिकटणारा, ओठांवर गुळगुळीत लागणारा रस तो हाच. पाठीच्या मांसाला फारसं काम नसतं, म्हणून तिथे विरघळण्यासारखं फारसं नसतंच. ते जितकं शिजवाल तितकं त्यातलं पाणी पिळून निघतं. म्हणून खांदा आणा. अमेरिकेत त्याच्या वरच्या भागाला बॉस्टन बट म्हणतात. नाव काहीही सुचवो, तो खांदाच. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात पोर्कवाल्याकडे गेलात तर नुसतं "शोल्डर द्या, चरबीसकट" म्हणा. चरबी काढू नका. नंतर ती वर तरंगते, तेव्हा हवी तेवढी बाजूला काढता येते.

लॉइन घरात येऊनच पडलं असेल, तर त्याचे काप करून तव्यावर भाजा. छान लागतात. कुकरात घालून त्याचा छळ करू नका.

शिट्ट्या मोजणं, आणि शिट्टी उचलणं

शिट्टी हे वेळेचं माप नाही. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत सहा शिट्ट्या होतात, बारीक आचेवर अर्ध्या तासात दोन. वरणभाताला हा हिशेब चालतो, कारण डाळीला पाच-सात मिनिटं इकडेतिकडे झाली तरी फरक पडत नाही. खांद्याच्या मांसाला मिनिटं लागतात. पूर्ण दाबाखाली कुकरात साधारण 120 अंश सेल्सिअस तापमान असतं, म्हणून कढईतलं तीन तासांचं काम तासाच्या आत होतं. पण तो पाऊण तास द्यावाच लागतो.

माझी सवय अशी. दोन-दोन इंचांचे तुकडे, पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक, तिथून घड्याळ लावून 40 मिनिटं. विजेच्या कुकरात दाब जरा कमी असतो, तिथे 50. शिट्टीच्या कुकरातून वाफ जात राहते, म्हणून किलोभर मांसाला दीड कप पाणी. विजेच्या कुकरात पाऊण ते एक कप पुरे, कारण मांस स्वतःच भरपूर पाणी सोडतं. अख्खा दीड किलोचा ठोकळा तसाच घातलात तर सव्वा तास धरा. त्यापेक्षा पाच मिनिटं सुरी चालवा की.

आता खरी गोष्ट. माझा भाचा इथे शिकायला होता. हुशार मुलगा, पण धीर म्हणून नाही. एका शनिवारी त्याने त्याच्या अपार्टमेंटमध्ये मित्रांसाठी घाट घातला आणि मला फोनवर ठेवून सगळं केलं. मांस बरोबर, वेळ बरोबर. गॅस बंद केल्यावर मी म्हटलं, "आता हात लावू नकोस. वाफ आपोआप जाऊ दे."

"मावशी, वीस मिनिटं नुसतं बघत बसू?"

"बघू नकोस. कांदा चिर."

पुढे फोनवर आधी फस्स असा आवाज, मग एक शिवी, मग शांतता. त्याने कालथ्याने शिट्टी उचलून धरली होती. आपल्याकडे निम्म्या स्वयंपाकघरांत उचलतात. डाळीच्या कुकरात फार तर चार पिवळे थेंब उडतात, इथे मात्र आत डुकराची चरबी होती. तिचा फवारा थेट छतावर गेला. नशीब त्याचं, हात बाजूला होता, भाजला नाही. छतावरचे पिवळे डाग मात्र घर सोडेपर्यंत गेले नाहीत आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले गेले.

छत जाऊ दे, मांसाचंही वाटोळं झालं. दाबाखाली मांसाच्या आतला रस शंभर अंशांच्या वर तापलेला असतो, पण उकळत नसतो. दाब एकदम गेला की तो जागच्या जागी उकळतो आणि वाफ धाग्यांमधून बाहेर पडताना ओलावा घेऊन जाते. चाळीस मिनिटं कमावलेलं वीस मिनिटांसाठी घालवायचं. कुकर नळाखाली धरणारेही याच पंथातले. मी तर दाब उतरल्यावरही झाकण काढून मांस दहा मिनिटं रसातच ठेवते.

एकदा कोरडं पडलेलं मांस पुरतं सावरत नाही. तरी सोलून, त्याच गरम रसात बुडवून बारीक आचेवर पंधरा मिनिटं ठेवलं तर खाण्याजोगं होतं.

"जास्त शिजलं वाटतं, घट्ट झालंय"

उलटं. खांद्याचं मांस घट्ट असेल तर ते कमी शिजलंय. हे वाक्य मी फोनवर सर्वांत जास्त वेळा बोलले असेन. काटा खुपसून फिरवा. मांस काट्याबरोबर अख्खं फिरलं तर झाकण लावा आणि आणखी 12-15 मिनिटं द्या. काटा फिरला आणि मांस जागेवरच उसवलं तर झालं. भुगा होऊन कापसासारखं लागलं, तरच जास्त शिजलं म्हणायचं.

कुकरातून थेट ताटात

फिकट, ओलं, उकडलेलं पोर्क ताटलीत वाढून त्याला कार्निटास म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. मऊ झालं, उत्तम. पण तव्याशिवाय त्याला चव नाही.

मांस झाऱ्याने काढून घ्या. रसावरची चरबी डावाने वेगळ्या वाटीत काढा. उरलेला रस पातेल्यात उकळून निम्म्याहून कमी करा, बोट बुडवलं तर चिकट लागला पाहिजे. मांस दोन काट्यांनी जाडसर सुटं करा. भुगा नको, बोटाएवढे तुकडे राहू देत. लोखंडी तवा चांगला तापवून त्यावर ती चरबी दोन चमचे, मग मांसाचा एकच थर. आणि हात मागे. हलवायचं नाही! तीन-चार मिनिटांनी खालची बाजू तपकिरी होऊन कडा कडक वाजायला लागल्या की आटवलेला रस त्यावर शिंपडायचा, तो चुर्रर्र होऊन मांसावर बसतो. मी एकच बाजू लाल करते, दुसरी मऊ ठेवते. बारा माणसं असतील तर ओव्हन 220 अंश सेल्सिअसवर, पसरट ट्रे, पंधरा मिनिटं, मध्ये एकदा रस. तव्यावर गर्दी केलीत तर पुन्हा वाफच होणार आणि तुम्ही पुन्हा मला फोन करणार.

शेवटी लाल करायचंच असतं, म्हणून सुरुवातीला मांस परतून घेण्याचा खटाटोप मी करत नाही. करणारे करतात. त्यांनी निदान पाणी घालून तळाला चिकटलेलं खरवडावं, नाहीतर कुकर खालून लागतो.

बाकीच्या, पटापट

तमालपत्र. पाककृतीतलं बे लीफ म्हणजे लॉरेल. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, वासही तसाच. लॉरेलचं पान नसेल तर काहीच घालू नका.

ओरेगॅनो नाही म्हणून ओवा घालणाऱ्यांनो, भज्यांचा वास येतो. मेक्सिकन ओरेगॅनो मिळालं तर तेच घ्या, पिझ्झावरचं वेगळ्या झाडाचं असतं.

संत्रं सालीसकट कुकरात टाकू नका, साल कडू उतरते. रस पिळा, हवी तर वरच्या केशरी सालीची एखादी पट्टी. लिंबू मात्र ताटात.

दूध कढईत घालतात म्हणून कुकरात घालू नका. फाटतं आणि तळाला लागतं. टोमॅटोच्या डब्याचंही तेच, घट्ट रस तळाशी बसला की विजेचा कुकर करपल्याची सूचना देऊन बंद पडतो.

मीठ किलोला 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे अडीच सपाट चमचे. रस आटवायचाय हे विसरून जास्त घातलंत, तर शेवटी खारट होणारच.

फ्रीझरमधला दगड तसाच कुकरात घातला की वरचं विरघळतं आणि आतलं कच्चं राहतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

आलं-लसूण, हळद, गरम मसाला घातलात तर पोर्क सुकं होईल. मलाही आवडतं. त्याला पोर्क सुकंच म्हणा.

आणि टॉर्टिया, म्हणजे हे मांस ज्यात गुंडाळून खातात त्या मक्याच्या पातळ पोळ्या. घरचं मक्याचं पीठ मळून टॉर्टिया थापायला जाल तर कडा फाटतील. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग दळतात, त्यानेच त्या पिठाला चिकटपणा येतो. मासा हारिना नावाचं तयार पीठ आणा, नाहीतर सरळ विकतच्या मक्याच्या टॉर्टिया तव्यावर शेका आणि फडक्यात गुंडाळून ठेवा, भाकऱ्या ठेवतो तशा. वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू, हिरवा साल्सा. चीज नको.

वाटीतली उरलेली चरबी मोरीत ओतू नका, थंड झाली की पाइपात गोठते. गाळून काचेच्या बरणीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. आमच्याकडे रविवारी सकाळी त्यातल्याच चमचाभर चरबीत कांदा परतून त्यावर उकडलेला पिंटो राजमा चेचते. शनिवारचं मांस उरलेलं असेल तर त्यातच जातं, पण ते बहुधा उरत नाही.